पाकळीचा ल निर्णयात आला, पडद्यावर कधी येणार?

प्रति,
सचिव, मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई
आणि शासनासाठी फॉन्ट, संकेतस्थळे, ॲप, पुस्तके व फलक तयार करून घेणारे सर्व विभाग

विषय : लिपीविषयक शासन निर्णयाला तांत्रिक अटींची जोड देण्याबाबत

स. न. वि. वि.

१० नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा असावा हे पक्के केले. अक्षरांच्या कामात असलेल्या आम्हा सगळ्यांना त्याचा मनापासून आनंद झाला. हे वळण मुंबईच्या छापखान्यांत घडले. १८६९ साली सुरू झालेल्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनी ते मराठी आणि संस्कृत वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत बसवले. पण आज मोबाइलवर किंवा संगणकावर एखादे मराठी पान उघडा आणि त्यात 'लोकशाही' हा शब्द शोधा. त्यात ल आहे आणि श सुद्धा आहे. बहुतेक ठिकाणी दिसेल दंडाचा ल आणि शेंडीचा श, म्हणजे हिंदी वळणाची रूपे. निर्णय होऊनही हे असे का, याचे कारण कुणाच्या हट्टात नाही. निर्णय आकाराविषयी बोलतो, आणि संगणक लिहिलेल्या मजकुरात आकार साठवतच नाही. हे पत्र त्या एका गोष्टीविषयी आहे.

खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, काळात हा प्रश्न नव्हता. कंपोझिटरच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याच्या, केसमध्ये क चा खिळा वेगळा, अर्ध्या क चा वेगळा, क्त चा वेगळा, काना-मात्रांचे वेगळे. जो खिळा उचलला तोच छापला जाई. पाकळीचा ल हवा असेल तर फाउंड्रीतून तसे खिळे आणायचे, की काम झाले. संगणकाने या एका खिळ्याची दोन कामे दोघांना वाटून दिली. 'हा ल आहे' एवढी माहिती एका क्रमांकात राहते. त्याला संकेतांक म्हणतात. 'तो ल असा दिसतो' ही आकृती फॉन्टमध्ये राहते. तिला ग्लिफ म्हणतात. मजकूर लिहिताना, पाठवताना, शोधताना फक्त संकेतांक फिरतात. ग्लिफ अगदी शेवटी, पडद्यावर किंवा कागदावर उमटताना निवडला जातो.

हा फरक कानाआड करण्यासारखा नाही. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांना संकेतांक देणारे मानक. देवनागरीच्या मुख्य गटाला त्यात १२८ जागा आहेत, ०९०० पासून ०९७एफ पर्यंत (हे क्रमांक सोळाच्या पद्धतीत लिहितात, म्हणून त्यांत इंग्रजी अक्षरेही येतात). मराठीसाठी नीट केलेल्या फॉन्टमध्ये मात्र कित्येकशे ग्लिफ असतात. क्ष वर्णमालेत एक आहे, डोळ्यांनाही एकच दिसतो, पण साठवला जातो तीन संकेतांकांत : क, पायमोड (्), ष. उलट पहिल्या वेलांटीला संकेतांक एकच, पण 'कि' मधली वेलांटी आखूड हवी आणि 'स्थि' मधली दोन अक्षरांवरून जाणारी रुंद हवी, म्हणून चांगल्या फॉन्टमध्ये तिचे पाच-सहा ग्लिफ करून ठेवलेले असतात. संकेतांक आणि ग्लिफ यांचा एकास एक असा हिशेब देवनागरीत कुठेच जुळत नाही. जे लोक तो जुळतो असे धरून काम करतात, त्यांच्या हातून मराठी बिघडते.

आता ल कडे येऊ. ल चा संकेतांक ०९३२, श चा ०९३६. मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत, कोकणी, सगळ्यांचा ल याच एका क्रमांकाचा. मराठी ल साठी वेगळा संकेतांक मागावा अशी सूचना अधूनमधून कानावर येते. आमची कळकळीची विनंती आहे की तसे कधीही करू नये. वेगळा क्रमांक मिळाला तर 'कुलकर्णी' हे आडनाव मराठी कागदात एक आणि हिंदी कागदात दुसरेच होईल, एकाचा शोध घेतला तर दुसरे सापडणार नाही, आणि आजवर मराठीत टाइप झालेला सगळा मजकूर एका रात्रीत जुना ठरेल. अक्षर तेच आहे, वळण वेगळे आहे. वळण ठरवायची जागा फॉन्ट ही आहे, आणि तशी सोय फॉन्टमध्ये आधीपासून आहे.

ती सोय अशी. ओपनटाइप या आज रुळलेल्या प्रकारच्या फॉन्टच्या आत भाषानिहाय आकृत्यांचा एक तक्ता असतो. फॉन्ट करणारे त्याला लोकल फॉर्म्स म्हणतात. त्याची चार अक्षरी खूण एल-ओ-सी-एल. त्यात मराठीची नोंद एम-ए-आर या खुणेखाली होते : मजकूर मराठी असेल तर मूळ ल काढा, पाकळीचा ल ठेवा; मूळ श काढा, देठाचा ठेवा. पण मजकूर मराठी आहे हे फॉन्टला कोण सांगणार? ते मजकुराला लावलेल्या भाषेच्या खुणेवरून कळते. वेबपानावर ही खूण एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये द्यायची असते. मराठीसाठी ती आहे एम-आर. ब्राउझर ती वाचतो, अक्षरे जुळवणाऱ्या यंत्रणेला देतो, यंत्रणा फॉन्टमधला मराठीचा तक्ता उघडते. या साखळीतली एक कडी जरी निसटली तरी दंडाचा ल परत येतो. त्रुटीचा संदेश येत नाही, पान मोडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

सर्वांत जास्त निसटते ती भाषेची खूण. संकेतस्थळाचा तयार साचा आणला जातो, त्यात भाषा इंग्रजी म्हणून लिहिलेली असते, आतला मजकूर मराठी भरला जातो आणि खूण इंग्रजीच राहते. हिंदीच्या संकेतस्थळावरून नक्कल केली असेल तर खूण हिंदी राहते. हे दुरुस्त करायला एका ओळीतली दोन अक्षरे बदलावी लागतात. द्वैभाषिक पानावर इंग्रजी परिच्छेदांना इंग्रजीची आणि मराठी परिच्छेदांना मराठीची खूण वेगवेगळी द्यावी. यात आणखी एक मोठा लाभ आहे. दृष्टिहीन वाचकांची पडदावाचक यंत्रणा याच खुणेवरून मराठी आवाज निवडते. खूण हिंदी असेल तर मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचला जातो.

कार्यालयातल्या संगणकावर लिबरऑफिस असेल तर अक्षरांच्या खिडकीत जटिल लिप्यांसाठीची भाषा मराठी निवडायची. पुस्तकाची जुळणी इनडिझाइनमध्ये होत असेल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे जटिल लिप्या जुळवणारी त्यातली सोय, लावायचा आणि अक्षरांच्या पॅनेलमधून भाषा मराठी करायची. तो कंपोझर लावला नाही तर ल-श तर राहोच, जोडाक्षरेही जुळत नाहीत, पाय मोडलेले उघडे दिसतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन उभी राहते. फ्लेक्सच्या फलकांवर असे शब्द जागोजागी दिसतात. तिथे टाइप करणाऱ्याचे शुद्धलेखन बरोबर असते, चुकलेली असते ती सॉफ्टवेअरमधली एक निवड.

खूण बरोबर आहे आणि फॉन्टही मराठीचा म्हणून घेतला आहे, तरी बिघडते असेही होते. ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. 'कल' हा शब्द ठीक दिसतो, पण 'कल्पना' मध्ये अर्धा ल दिसण्याऐवजी पूर्ण ल, खाली पायमोड, आणि मग प असे उमटते. कारण क्रमात आहे. जुळणीची यंत्रणा भाषानिहाय बदल सगळ्यांत आधी करते. अर्धी अक्षरे, रफार, जोडाक्षरे यांचे नियम त्यानंतर चालतात. पहिल्याच पायरीवर मूळ ल जाऊन मराठी ल आला. पुढचा नियम म्हणतो, 'मूळ ल अधिक पायमोड बरोबर अर्धा ल'. त्याला मूळ ल सापडतच नाही, म्हणून तो लागू होत नाही. फॉन्ट करणाऱ्याने मराठी ल साठी अर्ध्या रूपाचा, ल्ल चा, रफाराचा, प्रत्येक नियम दुसऱ्यांदा लिहायला हवा होता. त्याने फक्त ल आणि श या दोन आकृत्या काढून दिल्या. मूल्य, शिल्प, उल्लेख, विश्व, निश्चय, श्लोक हे शब्द लावून पाहिल्याशिवाय ही चूक दिसत नाही. कखगघ असा नमुना छापून फॉन्ट पसंत करण्याची पद्धत म्हणूनच बंद व्हायला हवी.

दुसरा धोका संकेतस्थळ वेगवान करण्याच्या खटपटीत असतो. फॉन्टची फाइल हलकी करण्यासाठी न लागणारे ग्लिफ कापून टाकतात. कापणाऱ्याला देवनागरीची माहिती नसेल तर 'संकेतांक नसलेले ग्लिफ नको' असा सोपा नियम लावला जातो. पाकळीच्या ल ला स्वतःचा संकेतांक नसतो. जोडाक्षरांना नसतो. अर्ध्या अक्षरांनाही नसतो. सगळे जाते.

एक मर्यादाही स्पष्टपणे सांगायला हवी. एसएमएस, व्हॉट्सॲपवरचा निरोप, फाइलीचे नाव, डेटाबेसमधले नाव, अशा साध्या मजकुराला भाषेची खूण जोडता येत नाही. तिथे फॉन्टमधला मूळ ल जसा असेल तसाच दिसणार. म्हणून शासन जेव्हा स्वतःसाठी फॉन्ट करून घेईल, तेव्हा त्यात मराठी वळणाचे ल आणि श मूळ जागी असावेत आणि हिंदीची रूपे हिंदीच्या खुणेखाली असावीत. आज बहुतेक फॉन्टमध्ये याच्या उलट मांडणी असते. मराठी राज्याच्या फॉन्टमध्ये मराठीने खुणेची वाट पाहत बसावे हे आम्हाला पटत नाही. गोव्यात कोकणी मजकूरही देवनागरीतच जुळवला जातो. तिची खूण वेगळी, के-ओ-के. एकच फॉन्ट दोन्हीकडे वापरायचा असेल तर तिचीही नोंद तक्त्यात करून घ्यावी.

ल आणि श चा प्रश्न डोळ्यांचा आहे. यापुढे जे सांगायचे आहे ते अर्थाचे आहे, आणि आमच्या मते जास्त तातडीचे.

'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना, 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. मराठीने हा फरक दाखवायला डोक्यावरचा रफार आणि अक्षराच्या डावीकडे येणारी कोयत्यासारखी आडवी खूण अशा दोन वेगळ्या आकृत्या ठेवल्या आहेत. वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा, गुऱ्हाळ हे शब्द दुसऱ्या आकृतीशिवाय लिहिताच येत नाहीत. ही आकृती संगणकात दोन प्रकारांनी साठवता येते. एक प्रकार : नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ, म्हणजे ०९३१, आणि त्यापुढे पायमोड ०९४डी. दुसरा : साधा र ०९३०, पायमोड, आणि त्यापुढे जोडणीचे अदृश्य चिन्ह २००डी. दोन्ही दिसायला हुबेहूब. पण संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. एका यादीत 'बोऱ्हाडे' पहिल्या प्रकाराने टाइप झाले आणि दुसरीत दुसऱ्या, तर दोन्ही याद्या ताडून पाहताना तो एकच माणूस दोन माणसे होतो.

याहून वाईट पुढे आहे. ऑनलाइन अर्ज भरून घेणाऱ्या कित्येक प्रणाली सुरक्षिततेसाठी न दिसणारी चिन्हे गाळून टाकतात. दुसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या नावातले ते अदृश्य चिन्ह गेले की मागे उरतो र आणि पायमोड, म्हणजे साधा रफार. दऱ्यांचा दर्या होतो, बोऱ्हाडेंच्या डोक्यावर रफार चढतो आणि प्रमाणपत्र तसेच छापून येते. म्हणून पहिला प्रकारच प्रमाण मानावा. युनिकोडही तोच पुढे ठेवते; दुसरा जुन्या मजकुराशी जुळावे म्हणून राखलेला आहे. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर हे अवघड नाही : शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. फॉन्टमध्ये मात्र या दोन्ही क्रमांना एकच ग्लिफ जोडलेला असावा, कारण जुना मजकूर वाचायचाच आहे. फक्त हिंदीसाठी केलेल्या फॉन्टमध्ये पहिल्या क्रमाचा नियम नसतो. तिथे र च्या खाली टिंब आणि पायमोड अशी विचित्र आकृती उमटते.

ॲ ची गत याहून बिकट. हे अक्षर २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आले, ०९७२ या जागी. तोवर लोकांनी आपापली वाट काढली होती : अ पुढे अर्धचंद्र, म्हणजे ०९०५ आणि ०९४५, किंवा त्या दोहोंमध्ये अदृश्य चिन्ह, किंवा ए वरचा चंद्र, ऍ, ०९०डी. म्हणजे 'ॲप' हा एक शब्द चार तऱ्हांनी लिहिला जातो आणि त्यातल्या तीन तऱ्हा नुसत्या बघून ओळखता येत नाहीत. युनिकोडचा एकरूपीकरणाचा नेहमीचा नियम लावूनही हे चार एक होत नाहीत, कारण युनिकोड त्यांना समान मानत नाही. ते काम आपल्यालाच करावे लागणार : मजकूर साठवण्याआधी बाकीचे तिन्ही क्रम शोधून त्या जागी ०९७२ ठेवायचा. चार ओळींचा प्रोग्राम पुरतो.

'बँक' कडेही असेच बघावे लागेल. हिंदीत हा चंद्रबिंदू नाकातल्या उच्चाराचा, 'हँसना' मधला. मराठीत मात्र आपण तो 'ॅ' आणि अनुस्वार अशा जोडीसाठी वापरतो. आकृती एकच, पण तिच्या मागे वर्ण दोन. काही जण एकच ०९०१ टाइप करतात, काही ०९४५ आणि ०९०२ असे दोन. आमचे स्वतःचे मत दुसऱ्या बाजूला झुकते, कारण मराठीत तिथे खरोखर एक स्वर आणि एक अनुस्वार आहे. पण वापर पहिल्याचा जास्त आहे हेही खरे. विभागाने कोणताही एक क्रम ठरवावा आणि जाहीर करावा. न ठरवण्याचा खर्च दोन्हींपेक्षा जास्त आहे.

जुन्या मजकुराविषयी थोडे. युनिकोड रुळण्याआधी मराठी जुळणी ज्या फॉन्टांवर चाले, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी ग्लिफ बसवलेले असत. आयएस १३१९४ हे भारतीय मानक १९९१ सालीच वर्णांना क्रमांक देत होते, पण या फॉन्टांत क्रमांक आकृतीला होता. म्हणून तो फॉन्ट नसला की मजकूर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे होऊन बसतो. असा मजकूर युनिकोडमध्ये आणताना ठरावीक चुका होतात. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी आधी टाइप होई. रूपांतर करणारा प्रोग्राम ती एक अक्षर पुढे सरकवतो, पण जोडाक्षर संपेपर्यंत थांबत नाही. 'स्थिती' चे 'सि्थती' होते. हे पकडणे सोपे आहे : वेलांटीच्या लगेच पुढे पायमोड हा क्रम शुद्ध मराठीत कधीच येत नाही. तेवढा क्रम शोधला की बिघडलेले शब्द समोर येतात.

पीडीएफमध्येही मुळात हीच गोष्ट घडते. पीडीएफच्या पानावर शब्द नसतात. कोणता ग्लिफ कुठे काढायचा याच्या सूचना असतात. 'धर्म' मध्ये रफार म नंतर काढला जातो, म्हणून मजकूर उचलला की 'धमर्' येतो. 'कर्ज' चे 'कजर्' होते. शासन निर्णयाच्या पीडीएफमध्ये 'कर्ज' शोधणाऱ्या शेतकऱ्याला 'काहीही सापडले नाही' असे उत्तर मिळते, आणि कागद तर समोर उघडा असतो. यावर उपाय दोन. पीडीएफ तयार करताना ती टॅग, म्हणजे मजकुराची रचना सांगणाऱ्या खुणा, लावून काढावी आणि त्यात प्रत्येक शब्दाचा मूळ मजकूर जोडलेला असावा. त्या सोयीला ॲक्च्युअल टेक्स्ट म्हणतात. आणि ते जमत नसेल तोवर प्रत्येक निर्णयाबरोबर त्याचा साधा युनिकोड मजकूर वेबपानावर द्यावा. कागदावर सही करून, स्कॅन करून चढवलेल्या प्रतीत तर मजकूरच नसतो, चित्र असते.

शाळेच्या पुस्तकांत मुलांना जोडाक्षराची फोड कळावी म्हणून 'विद्‌यार्थी' असे पाय मोडून छापतात. हेतू चांगला आहे. पण हा बदल मजकुरात अदृश्य चिन्ह २००सी घालून केला जातो, आणि मग तोच शब्द शोधात, शब्दकोशात, शुद्धलेखन तपासणीत वेगळा ठरतो. शिकवण्यासाठी लागतो आहे तो वेगळा ग्लिफ; संकेतांक बदलायची गरजच नाही. फॉन्टमध्ये पर्यायी आकृत्यांचा संच करून पहिली-दुसरीच्या पुस्तकाला तो लावावा, आणि मजकूर 'विद्यार्थी' असाच ठेवावा. पुढच्या इयत्तेत संच काढला की झाले. शृ चीही इथेच आठवण होते. शृंगार या शब्दातला श फॉन्टमध्ये बऱ्याचदा श्र मधल्या श सारखाच काढलेला असतो, म्हणून लोक त्यात र आहे असे समजून 'श्रृंगार' लिहितात. एका ग्लिफच्या आकारामुळे शुद्धलेखनाची चूक घडते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

फॉन्ट करून घेताना डोक्यावरची गर्दी मोजून घ्यावी. 'मूर्तींना' मध्ये दुसरी वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिन्ही एकाच दंडाच्या टोकाला येतात. 'विद्यार्थ्यांनी' मध्ये रफार आणि अनुस्वार कान्यावर येतात. ते सुटे सुटे ठेवले तर एकमेकांवर चढतात आणि नऊ-दहा पॉइंटमध्ये नुसता काळा ठिपका उरतो. ी, े, ै, ो, ौ, ॅ, ॉ या सात चिन्हांची रफारासह, अनुस्वारासह आणि दोन्हींसह एकसंध रूपे केली तर एकवीस ग्लिफ होतात, शिवाय नुसता रफार-अनुस्वार. एवढे काम फॉन्टच्या किमतीत सहज बसते. खालच्या बाजूला उद्ध्वस्त, राष्ट्र, आर्द्र हे शब्द लावून बघावे. संकेतस्थळावर ओळींमधले अंतर अक्षराच्या मापाच्या दीडपट तरी ठेवले नाही तर उकार कापले जातात. आणि अक्षरांमधले अंतर ताणून शीर्षक लांबवण्याची इंग्रजीतली युक्ती मराठीला कधीच लावू नये. शिरोरेषा तुटते.

आमची मागणी नव्या निर्णयाची नाही. असलेल्या निर्णयाला तांत्रिक परिशिष्ट जोडावे आणि प्रत्येक निविदेत त्याचा उल्लेख बंधनकारक करावा. पानाला आणि परिच्छेदाला मराठीची खूण. फॉन्टमध्ये मराठी रूपे मूळ जागी, त्यांच्या अर्ध्या रूपांसकट आणि जोडाक्षरांसकट. ऱ्य, ॲ आणि बँक यांचा एकेक प्रमाण क्रम, आणि साठवण्याआधी त्या क्रमात आणण्याची अट. शोधता येणारी पीडीएफ. काम स्वीकारण्याआधी पुढील शब्द त्या फॉन्टमध्ये, त्याच संकेतस्थळावर किंवा त्याच पुस्तकाच्या जुळणीत, बारा पॉइंटमध्ये आणि आठ पॉइंटमध्ये लावून पाहावेत : लोकशाही, कल्पना, उल्लेख, मूल्य, दुर्लक्ष, विश्व, निश्चय, श्लोक, श्री, शृंगार, दर्या, दऱ्या, वऱ्हाड, कुऱ्हाड, ॲप, ऑफिस, बँक, रुपया, रूप, स्थिती, मूर्तींना, विद्यार्थ्यांनी, उद्ध्वस्त, राष्ट्रीय, आर्द्र, लक्ष्मी, ब्राह्मण. मग तोच मजकूर तिथून उचलून साध्या मजकुराच्या खिडकीत चिकटवावा आणि एकेक शब्द परत वाचावा. मूळ आणि चिकटवलेला यांत एकाही अक्षराचा फरक पडला तर काम परत पाठवावे. या तपासणीला अर्धा तास लागतो, वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही, आणि मराठी वाचता येणारा कोणताही कर्मचारी ती करू शकतो.

आपले नम्र,
मराठी अक्षररचना, अक्षरजुळणी आणि मुद्रण यांत काम करणारी मंडळी